हं म्हणायची नोकरी

छापखान्यात तिला सगळे हंबाई म्हणत. नाव ठेवलं होतं मशीन चालवणाऱ्या मामांनी, आणि ते असं चिकटलं की टपालवालासुद्धा दारातून "हंबाई कुठे बसतात?" असं विचारायचा. चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. तिची नोकरीच हं म्हणायची होती.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो आपण एकदा उघडतो, पुन्हा तशी घडी जमत नाही म्हणून वैतागतो आणि न वाचता फेकून देतो, ती पत्रकं इथे छापली जात. लोकांनी न वाचता फेकायची असली तरी छापण्याआधी ती कुणालातरी वाचावी लागतातच. त्यासाठी वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक टेबल आणि दोन माणसं. अण्णांच्या हातात कंपनीकडून आलेली मूळ प्रत, तिच्या पुढ्यात प्रूफ. अण्णा मोठ्याने वाचणार, अगदी स्वल्पविराम, कंस सुरू, कंस बंद, नवी ओळ यांच्यासकट. ती प्रुफावर पट्टी ठेवून ओळ अन् ओळ ताडून बघणार. पूर्णविराम आला की अण्णा थांबणार आणि तिने हं म्हटलं की पुढे जाणार. हं आला नाही तर अण्णा एक शब्द हलायचे नाहीत, मग खाली आग लागली तरी बेहत्तर. ऐकलं, बघितलं, जुळलं, एवढं सगळं त्या एका हंमध्ये असायचं.

बाकीची कामं केव्हाच कॉम्प्युटरवर गेली होती. औषधांची पत्रकं तेवढी राहिली होती, तीही एका जुन्या कंपनीचा माणसांच्या जोडीवर भरवसा होता म्हणून. मध्यंतरी कॉम्प्युटरवाले येऊन मॅडमना गळ घालून गेले होते. मॅडम म्हणजे या विभागाच्या प्रमुख, वयाने तिच्याहून लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "आमच्या जोडीची एक चूक आणून दाखवा, मग बोलू." हे ऐकून अण्णांची मान ताठ झाली होती आणि हंबाईची खाली गेली होती.

कारण चूक कुठे राहते हे तिला ठाऊक होतं. ती तिच्या डोक्यात राहायला आली होती.

गेले काही महिने तिचं मन मध्येच उठून चालायला लागायचं. कुणाला न सांगता, चप्पलसुद्धा न वाजवता. लेक कॉलेजातलं काहीतरी रंगून सांगत असायची, ही हं हं करत असायची, आणि अचानक लेक गप्प व्हायची. "आई, मी काय विचारलं?" मग शोधाशोध. नवरा म्हणायचा, "तुझा हं म्हणजे रबरी शिक्का झालाय. कागद कुठलाही असो, ठप्प!" तिलाही हसू यायचं. मग एकदा मोठ्या बहिणीचा फोन आला. ताई भावजींच्या तपासण्यांबद्दल सांगत होती, ही भांडी लावता लावता ऐकत होती, आणि एका हंनंतर म्हणाली, "चला, छान झालं." पलीकडे शांतता. मग ताईचा आवाज, "छान काय गं? गाठ आहे म्हणाले डॉक्टर." त्या दिवसापासून तिला स्वतःच्या हंची भीती वाटायला लागली होती. आपल्याला काही झालंय का, हे वाढत जाणार का, असले विचार करता करताही मन निघून जायचं, ही त्यातली गंमत. गंमत कसली, घोर होता जिवाला.

त्या दिवशी सकाळी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक आलं. अण्णा खाकरले, चष्मा वर ढकलला आणि सुरू झाले. आवाज असा की नुसतं 'पोटात घ्यायचे द्रावण' म्हटलं तरी कुणीतरी सिंहासनावरून बोलतंय असं वाटावं. हे औषध काय आहे, ते कशासाठी वापरतात, इथपर्यंत ती नीट होती.

मग सोफा आला.

नवऱ्याने कुणाचा तरी जुना सोफा घ्यायचं ठरवलं होतं. सोफा चांगला होता, पण जिन्याचं वळण अरुंद. सकाळी दोघांनी फूटपट्टीने वळण मोजलं होतं आणि वाद अर्धवट टाकून घराबाहेर पडले होते. आता तिने तो सोफा मनातल्या मनात वर न्यायला घेतला. आडवा नेला, भिंतीला अडला. उभा केला, वर दिव्याला लागला. मग पाय बाहेरच्या बाजूला आणि पाठ कठड्याकडे करून तिरका ओढला, तर काय आश्चर्य, आला की वर! त्या आनंदात ती जागी झाली. डोळे सताड उघडेच होते म्हणा.

"...लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे, पूर्णविराम," अण्णा म्हणाले.

"हं," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

पट्टी पत्रकाच्या तळाशी होती. तिने स्वतःच तिथवर आणली होती. मधला तो सगळा मजकूर, मुलांना औषध किती द्यायचं, कधी द्यायचं, कुणाला अजिबात द्यायचं नाही, त्यातलं अक्षरही तिच्या कानात नव्हतं. आणि प्रत्येक पूर्णविरामावर तिने हं म्हटलेलं असणार. नाहीतर अण्णा पुढे आलेच नसते.

"झालं. कर सही," अण्णांनी मूळ प्रत मिटली.

खरं तर एवढंच म्हणायचं होतं की अण्णा, पुन्हा वाचू या. पण अण्णांनी लगेच पाण्याचा ग्लास उचलला, दारातून मॅडमनी "झालं का? छपाईची प्लेट करायचीय," म्हणून विचारलं, आणि तिच्या हाताने सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं सगळं बरोबर निघत आलंय, आजही निघेल. अण्णांची निवृत्ती आता तोंडावर आलीय. बायको गेल्यापासून त्या माणसाला या टेबलाशिवाय दुसरं काही नाही, आणि आपल्या एका सोफ्यापायी त्यांच्या शेवटाला डाग लावायचा? असं स्वतःला समजावत ती आपल्या जागी बसून राहिली. मॅडमनी मूळ प्रत कपाटात ठेवली आणि चावी खिशात टाकली.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला पण घास उतरेना. टेबलाच्या खणात पत्रकाचं एक जास्तीचं प्रूफ पडलं होतं. ते घेऊन ती मागच्या जिन्यात जाऊन बसली. निदान वाचून तरी बघू, काही विचित्र असेल तर खटकेल. 'मात्रा व वापरण्याची पद्धत' इथे बोट ठेवलं. वाचलं. डोळे शेवटापर्यंत गेले आणि तिच्या लक्षात आलं की आपण वाचत नव्हतो, आपण नीट वाचतोय ना हे बघत होतो. पुन्हा वरून सुरुवात केली. या वेळी मॅडमचा चेहरा आला. पुन्हा. आता शब्द एकेक करून ओठांनी म्हणत गेली, तर ते नुसते शब्दच राहिले, दाणे निसटलेल्या माळेसारखे. लक्ष हवंच आहे म्हणून धरायला जावं तर ते हाताला लागत नव्हतं. आणि समजा वाचून झालं असतं, तरी मूळ प्रतीत काय होतं हे तिला कोण सांगणार होतं? हे काम दोघांचं असतं ते उगीच नाही.

म्हणजे उरले अण्णा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, अगदी साधा प्रश्न विचारायलाही तिला दहा आवंढे गिळावे लागले.

"अण्णा," चहा घेताना ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मघाचं ते तापाचं औषध... मुलांना किती द्यायचं ते कशावर होतं हो? वयावर की वजनावर?"

"वयावर," अण्णा फुंकर मारत म्हणाले. "वर्षं दिली होती ना ओळीने. का गं?"

"काही नाही. ताईची सून विचारत होती."

ताईला सून नव्हती, पण तिचा जीव भांड्यात पडला. अण्णांना आठवतंय म्हणजे अण्णांनी वाचलंय. मूळ प्रतीतलं नीट वाचलं गेलं असेल तर निम्मं काम झालंच की. तिने उरलेला डबा संपवला, नवऱ्याला फोन करून सोफ्याची युक्तीसुद्धा सांगितली. तो म्हणाला, "दिवसभर हेच करतेस वाटतं तिथे?" तिला हसू आलं नाही.

दुपारी खालचं मशीन धडधडायला लागलं की वरच्या खोलीतलं टेबल हलकं थरथरतं. थोड्या वेळाने मामा ताजा कागद हातात घेऊन जिना चढून आले. शाई पुसट वाटतेय का, असं ते नेहमी वर येऊन विचारत. मजकुराशी त्यांना काही घेणं नसे.

"बघा हंबाई, काळं ठीक आहे ना?"

तिने कागद घेतला. अगदी मधोमध ठळक अक्षरांत होतं, 'मात्रा मुलाच्या वजनानुसार द्यावी.' खाली किलोंचा तक्ता.

अण्णांनी वय वाचलं असेल आणि इथे वजन छापलं असेल, तर तिच्या हंखालून एक भयंकर चूक निसटली होती. आणि तसं नसेल, तर अण्णा... ते तिच्या मनातच बसेना. खाली मशीन चालू होतं. प्रत्येक धडधडीबरोबर एक कागद, प्रत्येक कागदामागे तापाने फणफणलेलं एक मूल आणि चमचा घेऊन बसलेलं कुणीतरी.

"मामा, मशीन बंद करा."

"काय? काळं कमी पडलं?"

"बंद करा आधी. मी मॅडमना सांगते."

मामांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं विचारलंच नाही. ते खाली गेले. धडधड थांबली तशी शेजारच्या केबिनमधून मॅडम आपसूकच बाहेर आल्या. या खोलीत शांतता म्हणजे काहीतरी बिघडलेलं.

"मॅडम, मूळ प्रत काढता का? मात्रा वयावर आहे की वजनावर, ते बघायचंय."

"वयावर," अण्णा तिकडून ठामपणे म्हणाले. "मी वाचलंय."

मॅडमनी कपाट उघडलं, प्रत काढली, बोट फिरवलं. "वजनावर आहे." मग छापलेला कागद शेजारी धरला. "इथेही वजनावर. म्हणजे बरोबर छापलंय की. कशाला थांबवलं मशीन?"

अण्णा चष्मा काढून पुसायला लागले. पण मॅडमना ते तितकंसं जाणवलं नाही, त्या कागद परत करत होत्या. सुटका समोर होती. 'माझा गोंधळ झाला' एवढं म्हणायचं, मामांना हाक मारायची, सगळं गंगेला मिळालं. अण्णासुद्धा तिच्याकडे तेच मागत होते. चष्म्याशिवायचे ते डोळे लहान मुलासारखे दिसत होते.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "एवढी एक ओळ बरोबर आहे हे आता कळलं. बाकीचं मी ऐकलेलंच नाही."

"म्हणजे?"

"सकाळी माझं लक्ष नव्हतं. मधलं सगळं निघून गेलं. हं म्हणत होते, पण मी तिथे नव्हते. सही केली ती तशीच केली."

मॅडम हळूच खुर्चीत बसल्या. "आणि अण्णा, तुम्ही?"

"मी वाचलंय," अण्णा म्हणाले. "अक्षर अन् अक्षर. गळा दुखला माझा."

"मग वय कुठून आलं?"

मघाशी ज्या आवाजाने खोली भरली होती, तो कुठे गेला कोण जाणे. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. स्वतःची मूठ उघडायला गेली आणि उघडली ती अण्णांची.

"पुन्हा वाचा," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर. पहिल्यापासून."

अण्णा वाचायला लागले. आवाजातलं सिंहासन गेलं होतं, साध्या माणसाचा आवाज उरला होता. ती पट्टी सरकवत होती, हं म्हणत होती. औषधाचं नाव, उपयोग, वजनाचा तक्ता, सगळं जुळत गेलं. कुठेतरी आशा वाटायला लागली की काहीच निघणार नाही, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, की काहीच निघालं नाही तर अण्णांना उगाच उघडं पाडलं.

"दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे, पूर्णविराम," अण्णा म्हणाले.

हं आला नाही.

अण्णा थांबले. ती पट्टीखालची ओळ बघत होती. तिथे होतं, 'ताप उतरला नाही तर डॉक्टरांना भेटावे.' वरची ओळ बघितली. पुढच्या स्तंभाचा माथा बघितला. पट्टी उचलून बघितली, जणू वाक्य पट्टीखाली चिकटलं असावं.

"नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"हे वाक्यच नाहीये, मॅडम. स्तंभ संपताना शेवटची ओळ गिळली गेलीय."

मॅडम उठून तिच्या खांद्यावरून वाकल्या. ताप उतरेना म्हणून तासाभराने पुन्हा चमचा, पुन्हा चमचा, आणि कागदावर कुठेही थांब म्हणून सांगितलेलं नाही. तिघांच्याही मनात तेच आलं असणार.

मग मॅडम म्हणाल्या, "सापडलं ते तुमच्यामुळे. निसटलं होतं तेही तुमच्यामुळेच. मी वर दोन्ही सांगणार आहे, एक लपवून एक सांगायला मला जमणार नाही." आणि छापलेले कागद बाजूला काढायला सांगण्यासाठी त्या खाली गेल्या.

खोलीत दोघंच राहिली. अण्णांनी मूळ प्रत टेबलावर पालथी ठेवली.

"चुकलं माझं, अण्णा. तुमचं नाव यायला नको होतं यात."

"माझंच होतं, आलं," अण्णा म्हणाले. "किती दिवस झाले तुला?"

"बरेच महिने. तुम्हाला?"

"ही गेल्यापासून." बायकोचं नाव ते कधी घेत नसत. "तोंड वाचत असतं. मी घरी असतो. तिच्याशी कशावरून तरी वाद चाललेला असतो, पाण्याची मोटर बंद केली का, दाराला कडी घातली का. तुझा हं आला की पुढच्या वाक्याला लागतो."

"पण भीती नाही वाटायची? असं निघून जायची?"

"कसली भीती? तू होतीस ना." ते अगदी सरळपणे म्हणाले. "माझं काही चुकलं तर हंबाई धरेल. हं येतोय म्हणजे कुणीतरी आहे तिथे. म्हणून तर निर्धास्त जायचो."

सकाळी सोफा उचलताना, एक हात त्याच्या पायाखाली घालताना, तिच्याही मनात मागे कुठेतरी हेच होतं. अण्णांचा आवाज चाललाय, खणखणीत चाललाय, म्हणजे काळजी नाही. ते वाचतायत म्हणून ती जात होती आणि ती ऐकतेय म्हणून ते. मधल्या मधे त्या आजारी पोरांच्या औषधापाशी कुणीच बसलेलं नव्हतं.

"मलाही वाटायचं, तुम्ही आहात," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. त्यांना राग आला होता की बरं वाटलं होतं, हे तिला कळलं नाही.

मॅडम परत आल्या, खुर्ची ओढून टेबलाच्या बाजूला बसल्या, मांडीवर वही आणि हातात पेन. "कंपनीला कळवलंय. उद्या काय होईल ते उद्या. अजून निम्मं पत्रक बाकी आहे, ते आत्ताच पूर्ण करा."

अण्णांनी चष्मा चढवला. "कोणी हे औषध घेऊ नये, ठळक, नवी ओळ."

"हं."

आता तिने कान असे टवकारले की मान दुखायला लागली. एक शब्द जाऊ द्यायचा नाही. अण्णांचे ओठ बघ, पट्टी बघ, जुळव. यकृताचा त्रास. हं. ऐकतेस ना? ऐकतेय. बघ, किती नीट ऐकतेयस, मॅडमही बघतायत, असंच सकाळी ऐकलं असतंस तर, ताईचा फोन असा ऐकला असतास तर, ती बिचारी त्या दिवशी किती वेळ गप्प...

"...पूर्णविराम," अण्णा म्हणाले, आणि वाट बघत थांबले.

हं जिभेवर आला होता. दात घट्ट धरले म्हणून तो बाहेर पडला नाही. मॅडमचं पेन वहीवर टेकलेलं होतं. आत्ता, इतकं सगळं झाल्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा. ही बाई कामाची नाही, असं लिहायला त्यांना आणखी काय लागणार होतं? आणि म्हटला असता हं, तर कुणाला कळणार होतं?

तिने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"अण्णा, मी गेले होते. पुन्हा घ्या."

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. अण्णांनी नाही बघितलं. त्यांनी प्रतीवर बोट ठेवलं.

"कुठपर्यंत होतीस?"

"यकृताचा त्रास."

अण्णांचं बोट त्या शब्दांपाशी गेलं, तिथे घुटमळलं, आणि तिथून दोन ओळी आणखी वर सरकलं.

"इथून घेतो," ते हळू आवाजात म्हणाले. "मी इथपर्यंतच होतो."